नऊ झाले, निघ

“नऊ झाले. निघ लवकर.” एवढंच म्हणून मावशींनी फोन ठेवला. मी घड्याळाकडे बघितलं. सव्वासात. बाहेर पुरता अंधारही पडला नव्हता, खाली चरईच्या रस्त्यावर भाजीच्या गाड्यांवर नुकते दिवे लागत होते. आणि मावशींकडे नऊ? वय सत्तरीच्या पुढचं, त्यातून एकट्या राहणाऱ्या. मनात नको ते आलं. उलट फोन लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. चपला पायात सरकवल्या, जिन्यापर्यंत आलो, तेव्हा कुठे लागला. “तुला लागला होय रे मघाशी? बरं, ठेव आता, मला लाइन मोकळी पाहिजे.” मागे माणसांची कुजबुज, कुणाचं तरी खाकरणं, बाक सरकल्याचा आवाज. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वाजले नव्हते, नऊ माणसं झाली होती. कुणाच्या तरी वर्षाच्या दिवसाची प्रार्थना असणार. कद्दीश, म्हणजे ज्यूंची गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची तर दहा पुरुष लागतात, दहा नसले तर म्हणताच येत नाही. मिनियान म्हणतात त्याला. आणि फोन तिसऱ्याच मुलाला करायचा होता, त्याचं नि माझं नाव मावशींच्या फोनमध्ये एकाखाली एक आहे.

दहावा मिळाला की नाही, हे मी नंतर विचारलंही नाही. मला खुपलं ते वेगळंच. मी पुरुष, रिकामटेकडा, चालत पोचण्याच्या अंतरावर, चपला घालून तयार; आणि माझा उपयोग शून्य, कारण मी ज्यू नाही. पलीकडे मावशी, तासभर आधीपासून हजर, दिवे लावलेले, टोप्या झटकून टोपलीत ठेवलेल्या, सगळ्यांना फोन करून घसा बसलेला. त्यांचाही उपयोग शून्य, कारण त्या बाई. इतकी वर्षं दहा जमवणारी बाई स्वतः त्या दहात धरली जात नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जिन्यात उभं राहून ते अंगावर आल्यासारखं वाटलं.

मावशी म्हणजे माझ्या शाळूसोबत्याची आई. ठाण्याच्या बेने इस्रायलांत, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंत, त्यांना ओळखत नाही असं घर नसेल, आणि तरी ट्रस्टच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नाही. त्या ट्रस्टी नाहीत, सेक्रेटरी नाहीत. प्रार्थना चालवणाऱ्या हझानला पगार आहे, देखभाल करणाऱ्या समाशला थोडाफार आहे, मावशींना काही नाही. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोरचं ते शार हाशामाईम सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनागृह, १८७९ सालचं. बाहेरच्या पाटीवर दात्यांची नावं आहेत, आत भिंतींवर स्मृतिफलक आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या आडनावांना कोकणातलं एकेक गाव चिकटलेलं. ते फलक फडक्याने पुसणारीचं नाव कुठे असणार? मी एकदा आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करावा असं सुचवलं होतं. मावशींनी विचारलं, किती वाजता? म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी. “शुक्रवारी संध्याकाळी मी रिकामी असते असं तुला वाटतं?” विषय संपला. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा पवित्र दिवस, सुरू होतो.

त्यांचा खरा दफ्तरखाना म्हणजे एक लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही. किराणा दुकानदार उधारीची ठेवतात तसली. नवऱ्याच्या ऑफिसातून आलेली, रेल्वेच्या कुठल्याशा खात्याची. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात फोन. आकडे वाढत गेले तसे लँडलाइनच्या नंबरांपुढे वेगळ्या शाईत आकडे चिकटवलेले, मग मोबाइल आले तेव्हा त्यांना जागाच उरली नाही, म्हणून ते समासात आडवे लिहिलेले. तिसऱ्या रकान्यात खुणा. ‘गु’ म्हणजे गुडघे, जिने चढवत नाहीत, रिक्षा पाठवायला लागते. ‘रा’ म्हणजे रात्रपाळी, सकाळी दहाच्या आत फोन करायचा नाही. ‘रु’ म्हणजे रुसलाय. कुणावर, कशावरून, ते लिहिलेलं नाही, ते मावशींना पाठ. आणि ‘इ’. ‘इ’ म्हणजे इस्रायल. ज्या नावापुढे ‘इ’ लागला त्यावर पट्टीने, पेन्सिलीने एकच रेघ. पेनाने नाही. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “सुट्टीवर येतात की. आले की धरता येतात.” एक पान मी बघितलंय त्यात वरपासून खालपर्यंत नुसते ‘इ’. डिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा. एक घर, दुसरं घर, मग भाचे, मग भाच्यांचे सासरे. १९४८च्या सुमारास वीस हजारांच्या वर असलेला हा समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला, हे आपण लेखांतून वाचतो. मावशींच्या वहीत ते रेघारेघांनी दिसतं.

गंमत म्हणजे माणसं मोजायची नाहीत असाच त्यांच्या धर्मात संकेत आहे. दहा झाले का हे बघायचं तर एक, दोन, तीन म्हणायचं नाही. स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. शेवटचा शब्द कुणावर पडला की समजायचं. माझी आजी पायलीने भात मोजायची तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायची, मग दोन, मग तीन. ते मला आठवलं आणि मी मावशींना सांगितलं. त्यांना आवडलं ते. मग मी खवचटपणे विचारलं, की तुम्ही तर फोनवर सरळ ‘नऊ झाले’ म्हणता? मावशी म्हणाल्या, “जे आलेत त्यांना मोजत नाहीत रे. मी न आलेल्यांना मोजते.”

न आलेल्यांत बरीच वर्षं पहिला नंबर त्यांच्या मुलाचा होता.

तेराव्या वर्षी मुलगा दहात धरला जायला लागतो. माझा मित्र तेरा वर्षांचा झाला आणि आमचं क्रिकेट बिघडलं. ऐन भरात आलेला डाव असायचा आणि गॅलरीतून हाक यायची. बॅट टाकून, पाय धुऊन, टोपी खिशात कोंबून हा पळायचा. आम्हाला त्याचा हेवाही वाटायचा, कारण मोठी माणसं त्याच्यावाचून अडून बसायची; आमच्यावाचून कुणाचं काय अडत होतं? पण त्याला तो हेवा समजायचा नाही. एकदा तो आमच्या घरी माझ्या आजीच्या पलंगाखाली लपून बसला होता. मावशी दारात आल्या, आजीला विचारलं, आजी खोटं बोलली नाही आणि खरंही बोलली नाही, “बघा बाई, पोरं काय, असतील इथेच” म्हणाली. मावशी खाली वाकल्या. त्यांनी त्याला रागावून नाही, कान धरूनही नाही, नुसतं “नऊजण थांबलेत रे” म्हटलं. तो निघून आला. पलंगाखालच्या धुळीने माखलेले गुडघे तसेच. पुढे कळत्या वयात, दोन पेग झाल्यावर तो मला म्हणाला होता, “आमच्या आईला मुलगा नको होता, दहावा पाहिजे होता.”

आता तो अश्दोदला असतो. तिकडे त्याला कुणी फोन करत नाही. कोपऱ्यावर सिनेगॉग आहे, आत माणसंच माणसं, हा गेला काय न गेला काय. म्हणून मग तो जात नाही. हे त्याने मला सांगितलं, आईला नाही. सांगताना आवाजात सुटका होती की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्या मामांच्या काळात तर तिथल्या मुख्य धर्मपीठानेच बेने इस्रायलांच्या विवाहांवर शंका काढल्या होत्या, १९६२ साली. तुमच्या आज्या-पणज्या कोण होत्या ते दाखवा म्हणे. मोर्चे झाले, धरणी झाली, १९६४मध्ये त्यांच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मावशींच्या घरात हा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असे: “इथे आम्ही दहा जमवता जमवता दमतो, आणि तिथे म्हणे तुम्ही त्यांतले कशावरून.”

एखाद्या माणसाने स्वतःला असं वाहून घेतलं की आपण लगेच हात जोडतो. हात जोडण्यात एक सोय असते, जवळ जायला लागत नाही. मी जवळून बघितलंय म्हणून सांगतो, असल्या माणसाचा त्रास होतो. मावशींचा फोन आला की उचलायचा नाही, असं ठरवलेली घरं मला माहीत आहेत. एक गृहस्थ जांभळी नाक्यावर त्यांना लांबून बघून फुलवाल्यांच्या गल्लीत शिरले होते, मी मागेच होतो. मावशी कुणाच्या मुलाला स्थळ बघताना आधी विचारतात मुलगी राहायला कुठे, मुलगा ठाणं सोडणार तर नाही ना? कुणी घर विकून वसईला नाहीतर बदलापूरला गेलं तर त्या अभिनंदन करतात, पेढाही खातात, आणि घरी येऊन वहीत खूण करतात. माणूस त्यांच्यासाठी माणूस असतोच, पण त्याच्या पाठीवर एक अदृश्य आकडाही असतो. माझा धंदाही माणसांच्या भरतीचा, डोकी मोजण्याचा पगार घेतो मी, त्यामुळे मला ती नजर ओळखू येते. फरक एवढाच की माझी यादी महिनाअखेरीला बंद होते.

पण ही नजर नसती तर काय झालं असतं, हाही प्रश्न आहेच. सॅम्युएल दिवेकर, म्हणजे आपले सामाजी हसाजी, कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस बोलले होते म्हणतात. सुटले, आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग उभं केलं. आजही तो सॅम्युएल स्ट्रीटच. ही झाली नवसाची गोष्ट, सांगायला छान. मला त्यांच्यापेक्षा हाईम सॅम्युएल केहिमकर जास्त भेटावेसे वाटतात. अलिबागकडचे. १८७५मध्ये मुंबईत समाजाच्या पोरांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. शाळा काढणं एकवेळ सोपं, चालवणं म्हणजे वर्गण्या. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनपर्यंत त्यांनी मदतीसाठी हात पोचवला. शिवाय आपल्या लोकांच्या चालीरीती, सण, गाणी, आडनावं, घराणी सगळं टिपून एक जाडजूड इतिहास लिहिला. १८९७ला लिहून तयार. छापून आला १९३७ला, तेल अवीवला, ते गेल्यानंतर. तो ग्रंथ चाळताना मला सारखं वाटत होतं, हा गृहस्थ किती दारांत जाऊन बसला असेल! किती जणांनी त्याला लांबून येताना बघून आतून कडी घातली असेल! मावशींची आई त्याच शाळेत, रेबेका रूबेनबाई मुख्याध्यापिका असताना शिकली. म्हणजे पिच्छा पुरवण्याची ही विद्या घराण्यात कुठून आली ते उघड आहे.

बाकीची कामं मावशींची आवडती, आणि ती बघायला मला आवडतात. गुरुवारी रात्री काळ्या मनुका धुऊन पितळेच्या पातेल्यात भिजत घालायच्या. सकाळी त्या फुगून चिंचोक्याएवढ्या होतात, पाणी काळसर तांबडं. मग हाताने कुस्करायच्या, मिक्सरला अजिबात लावायच्या नाहीत, बिया फुटून कडवट होतं म्हणे. मलमलच्या फडक्यातून गाळायचं, फडकं पिळताना मनगटापर्यंत तो रंग उतरतो. हे शरबत शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशला, शब्बाथच्या आशीर्वादाला. बाजारात बाटलीतला द्राक्षरस मिळतो, लोक आणूनही देतात, मावशी ती बाटली फ्रिजमध्ये आदराने ठेवतात आणि मनुका भिजत घालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवीन वर्ष आलं की हलवा. कुरडयांना करतो तसाच गव्हाचा चीक काढायचा, फक्त तो जातो नारळाच्या दुधात. गाईचं दूध नाही, कारण जेवणात मटण असणार आणि मटणाशी दूध चालत नाही. साखर, वेलची, चिमटीभर गुलाबी रंग. आणि मग ढवळणं. दोन-अडीच तास. सुरुवातीला चमचा पाण्यात फिरल्यासारखा फिरतो, मग खीर, मग पातेल्याच्या तळाशी कुणीतरी चमचा धरून ठेवल्यासारखं वाटायला लागतं, आणि शेवटी सगळा गोळा एकदम कडा सोडून तकतकीत होतो, त्याला स्वतःचं तूप सुटल्यासारखं. तूप नसतंच, नारळाचं तेल असतं ते. हल्ली मावशींचा खांदा भरून येतो. शेवटची पंधरा मिनिटं चमचा माझ्याकडे असतो. “थांबू नकोस, गाठ होईल” हे ऐकत मी ढवळतो. या कामाला ज्यू असायला लागत नाही.

आणखी एक काम आहे, त्याबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. समाजातली बाई गेली की तिला आंघोळ घालायची ती बायकांनीच. कपाटाच्या खालच्या खणात मांजरपाटाचे ताके धुऊन, घडी घालून ठेवलेले असतात. रात्री-अपरात्री निरोप येतो, मावशी साडी बदलतात, ताका काखेत मारतात, निघतात. कोमट पाणी, पांढरं कापड, मोठ्याने बोलायचं नाही. एकदा पावसात रिक्षा मिळेना म्हणून मी त्यांना स्कूटरवरून सोडलं होतं. उतरताना त्यांनी कापडावर धरलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली, ती पिशवी पूर्ण ओली आणि कापड आत कोरडं. परतताना खूप वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, गेलेल्या बाईला त्यांच्या हातची बिरड्याची उसळ फार आवडायची. मी विचारलं, आत किती जणी होत्या? “होतो तेवढ्या पुरलो,” म्हणाल्या. या एका कामात त्यांनी आकडा सांगितलेला मी ऐकला नाही.

२००८च्या नोव्हेंबरनंतर सिनेगॉगच्या दारावर पोलीस आले. नरिमन हाउसमध्ये जे झालं त्यानंतर ते येणारच होते. कुलाब्याच्या त्या ज्यू केंद्राचा, छबाड हाउसचा, आणि ठाण्याच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा रोजचा काय संबंध, पण बातमी सगळ्यांच्या घरात सारखीच घुसली. मावशींनी पहिल्या आठवड्यातच पोलिसांना चहा सुरू केला. ड्युटी बदलते, हवालदार बदलतात, चहा तोच, आलं जास्त आणि साखर कमी. आणि बघता बघता त्यांनी हवालदारांनाही कामाला लावलं. मी एकदा तिथून जात असताना ऐकलं, आतून मावशींनी मान बाहेर काढली आणि खुर्चीवरचा पोरगेला हवालदार, सातारकडचा असावा बोलण्यावरून, रजिस्टरकडे न बघता म्हणाला, “आठ गेलेत आत मावशी. ते टोपीवाले आजोबा कोपऱ्यापर्यंत आलेत, दम खातायत.” सरकारने त्याला बंदोबस्ताला बसवलेलं. तो माणसं मोजत होता, एवढं मात्र खरं.

वर्षातून एक दिवस मावशींना काम नसतं. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, त्यांच्याकडच्या जुन्या बोलीत दारफळणीचा सण. दिवसभर कडक उपास, पाणीसुद्धा नाही, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी बोलवावं लागत नाही. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, कुठून कुठून लोक येतात, खाली बाक पुरत नाहीत. २०२४ला आणि पुन्हा २०२५ला हा दिवस नेमका दसऱ्याला आला. त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच चंद्राला धरून अधिक महिना घालणारं, म्हणून असं जुळतं. पुरीम होळीपाशी येतो आणि त्यांच्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला होळीचा सणच म्हटलं. तर बाहेर टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी, आपट्याच्या पानांचे ढीग, झेंडूच्या माळा, ढोल, पिपाण्या. आणि आत कोरड्या ओठांनी दिवसभर प्रार्थना. संध्याकाळी शोफार वाजला, एडक्याच्या शिंगाचा तो घोगरा लांब सूर, तेव्हा मी फुटपाथवर सोन्याची पानं घेऊन उभा होतो. ऐकू आला की नाही, शपथेवर सांगता येणार नाही, ढोल चालू होते. मावशी बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, उपासाने असेल असं वाटलं. वर बायकांच्या सज्जात बसून त्यांनी दिवसभर खाली बघितलं होतं. कोण कोण आले होते ते मला नावानिशी सांगत होत्या. हा आला होता, तो आला होता, तो बदलापूरचा सहकुटुंब आला होता. “सगळे आहेत की रे,” म्हणाल्या. “एवढे सगळे ठाण्याच्या आसपास आहेत. आणि माझा फोन उचलत नाहीत.” त्यांना त्या गर्दीने बरं वाटायला हवं होतं ना? मला तरी वाटलं होतं, वाटेल.

मी त्यांना पानं दिली. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली आणि पाणी मागितलं.

बायकांनाही दहात धरावं, तुम्ही मागणी का करत नाही, असं मी एकदा शहाणपणा करून विचारून बसलो होतो. परदेशांत काही ठिकाणी धरतात, मी वाचलं होतं. मला वाटलं, चिडतील किंवा सुस्कारा सोडतील. दोन्ही केलं नाही. त्या हिशेबाला बसल्या. आपल्याकडच्या अमुक येतील, तमुक येईल, ती शिक्षिका येईल, दोघी बहिणी येतील, बोटांवर एकेक पेर मोजत गेल्या, डोळे किलकिले करून, आणि शेवटी म्हणाल्या, “कधीच कमी पडले नसते.” मग उठून गॅस बंद केला. म्हणाल्या, “पण आमच्याकडे तसं नाही. आणि मला धरलं असतं, तर खाली बसायला लागलं असतं. मग फोन कुणी केले असते?” हे पटून म्हणाल्या की मला गप्प करायला, कोण जाणे. मला ते पटलेलं नाही. पण माझ्या पटण्याचा तिथे प्रश्न नव्हता.

गेल्या वर्षापासून मावशींना एक मदतनीस मिळालाय. ज्याच्याऐवजी मला फोन लागला तोच हा. चोवीस वर्षांचा, उंच, मागे केस बांधतो, हिब्रू स्वच्छ वाचतो, मराठीत मेसेज टाकताना भयंकर ऱ्हस्व-दीर्घ करतो. त्याने व्हॉट्सॅपवर गट काढला, दर प्रार्थनेच्या आधी त्यावर विचारतो, लोक अंगठे टाकतात. मावशींचा अंगठ्यावर विश्वास नाही. अंगठा म्हणजे येतो, की नुसतं वाचलं? म्हणून ज्यांनी अंगठे टाकलेत त्यांना त्या एकेक फोन करून विचारतात. मुलाने कपाळाला हात लावला. पण नंतर मी पाहिलं, तोही आता अंगठा आला की खाली लिहितो: ‘म्हणजे येतोय ना?’ वहीतले नंबरही त्याने फोनमध्ये चढवले, खुणांसकट. ‘रु’चा अर्थ विचारून घेतला आणि खूप हसला.

एप्रिलमध्ये पेसाहच्या सणाआधी, माळ्यावरची वेगळी भांडी काढायला मला बोलावलं होतं. कल्हईवाला आता येत नाही, पितळेची पातेली मावशी चिंच लावून घासत होत्या. तो मुलगा स्टुलावर, मी खाली, भांडी एकेक करून खाली येत होती. तो आत चहा टाकायला गेला तेव्हा मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, याचं ऐरोलीचं काम सुटलंय. कंत्राटावर होता. बहीण आधीच तिकडे गेली आहे, ती बोलावतेय, कागद गोळा करणं चाललंय असं त्याची आई म्हणत होती. “तुझ्या ओळखीत बघ ना काही. इथे ठाण्यातच. नाहीतर मुलुंड, भांडुप. पुणं नको.” मी म्हटलं, पुण्यातही सिनेगॉग आहे की मावशी, रास्ता पेठेत. म्हणाल्या, “आहे ना. पुण्याचं पुणेकर बघतील.” आतून कपबशांचा आवाज आला, त्या पुन्हा पातेलं घासायला लागल्या.

मुलाचा बायोडाटा माझ्याकडे आहे. चांगला आहे, इंग्रजी उत्तम, संगणकाची दोन प्रमाणपत्रं. मी तो ठाण्यात तीन ठिकाणी आणि विक्रोळीला एका ठिकाणी पाठवला. वागळे इस्टेटमधून एकांनी विचारणा केली, पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी, पण दिवसपाळी. ती त्याला कळवली, तो विचार करतोय. हिंजवडीहूनही एक फोन आला होता. पगार जवळजवळ दीडपट, राहण्याची सोय वर्षभर कंपनीची. ती मी अजून त्याला सांगितलेली नाही.